तिरोडकरांच्या नाकाला आलेला गुण

माणसाला नाक जन्मतः मिळते, पण ते चोंदले की त्याची मालकी आपोआप समाजाकडे जाते. डोळे, कान, गुडघे यांच्या बाबतीत निदान मालकाचे मत विचारले जाते; नाकाच्या बाबतीत तशी पद्धत नाही. कारण उघड आहे. गुडघा दुखतो तो एकट्याला, शिंक मात्र चारचौघांना ऐकू येते. आणि जे चारचौघांना ऐकू येते त्यावर चारचौघांनी बोलायचे नाही, तर मग माणसाने समाजात राहायचे तरी कशाला?

हे तत्त्व रमाकांत तिरोडकरांना सिल्वासात आल्यावर कळले. सावंतवाडीकडचे हे गृहस्थ एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचे नाक निष्कलंक होते. पहिल्या वर्षी ते दसरा ते दिवाळी एवढेच शिंकले. तिसऱ्या वर्षी गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. एक्याण्णव साल उजाडेपर्यंत त्यांचा मोसम होळीला जाऊन टेकला. (याच काळात तिथे कारखानेही असेच वाढले. करसवलत फक्त कारखान्यांना होती, शिंकांना नव्हती. तरीही वाढीचा वेग साधारण सारखाच राहिला, हे शिंकांचे विशेष कौतुक.)

आता, हाच माणूस सावंतवाडीत शिंकला असता तर त्याला सावंतवाडीचे उपाय मिळाले असते आणि विषय संपला असता. पण सिल्वासात कोणी सिल्वासाचा नाही. मास्तर कोकणातले, साहेब मुंबईचे, कामगार खानदेशातले, दुकानदार सुरतेकडचे. सगळे येताना ट्रंकेत कपडे आणि डोक्यात औषधे घेऊन आलेले. त्यामुळे तिरोडकरांच्या नाकाला जी सेवा मिळाली ती मोठ्या शहरात पैसे देऊनही मिळत नाही.

कचेरीचे सुपरिंटेंडेंट भगवंतराव गिरगावचे. त्यांनी पहाटे थंड पाण्याने आंघोळ आणि मग जलनेती सांगितली, आणि नुसते सांगून न थांबता कचेरीच्या नळावर, अभ्यागतांसमोर, एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढून दाखवले. क्वार्टरच्या शेजारीण आक्काबाई अमळनेरच्या. त्यांचा मुलगा वाल्मिक धाग्याच्या कारखान्यात होता. त्यांच्या मते आंघोळ हेच रोगाचे मूळ. "भाऊ, पानी लागूच देऊ नका डोक्याले. नाकात तूप सोडा, ओव्याची पोटली हुंगा, वेखंडाचं चाटण घ्या. मंग पाहा." घरात बायकोचा, उषावहिनींचा, काढा होताच. तो त्यांच्या आईचा होता, त्यामुळे त्याला कडू म्हणायची सोय नव्हती. एकाने दही वर्ज्य केले, दुसऱ्याने केळे, तिसऱ्याने भात. तिन्ही पथ्ये एकत्र पाळली तेव्हा ताटात मीठ राहिले आणि डावीकडची चटणी. चटणीबद्दलही मतभेद होते.

उपाय नाकारायचा नसतो, हा आपल्याकडचा पहिला नियम. दुसरा असा की, उपाय देणारा आठ दिवसांनी तपासणीला येतो आणि "गुण आला का?" म्हणून विचारतो. याचे उत्तर आण्यांत द्यायचे असते. आणे चलनातून जाऊन जमाना झाला, पण आजार अजून त्यातच मोजतात. तिरोडकरांना फरक कशानेच पडलेला नसे. पण औषध देणाऱ्याला तसे सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर शिंकणे. म्हणून त्यांनी आक्काबाईंना चार आणे गुण दिला, भगवंतरावांना हुद्द्याप्रमाणे आठ आणे, आणि बायकोला बाहेरच्यांपेक्षा कमी देणे धोक्याचे म्हणून दहा आणे. ही बेरीज रुपया सहा आणे होते. म्हणजे तिरोडकर संपूर्ण बरे होऊन वर सहा आणे तब्येत शिल्लक राहायला हवी होती. प्रत्यक्षात ते टॉवेल घेऊन कचेरीत जात होते, रुमाल पुरत नव्हता म्हणून.

माणूस मनातून खचला होता, हेही सांगितले पाहिजे. झोप धड नाही, डोळे सतत गळके. एके दिवशी उषावहिनींनी बांगडे तळले आणि तिरोडकरांना वासच आला नाही. बांगड्याचा वास न येणारा सावंतवाडीकर जगून काय करणार, असे त्यांना त्या दिवशी खरोखरच वाटले.

त्याच आठवड्यात ते कोणालाही न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. तिथे डॉ. मालती नाबर नावाच्या बाई नव्याने आल्या होत्या. अनुभव नसल्यामुळे त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. आजवर सगळ्यांनी "काय काय घेतलंत?" असे विचारले होते. बाईंनी विचारले, "कधी होतं?"

तिरोडकरांनी सण सांगितले. बाईंनी सणांमागचे महिने ताडले, मग क्वार्टरच्या मागे काय आहे ते विचारले. मागे सामरवरणी गावाच्या दिशेने मोकळी जमीन होती. पावसाळा संपता संपता तिथे कमरेएवढे गवत फुलोऱ्यावर येई, आणि ते वाळून झडेपर्यंत झाडांना मोहोर येई. बाईंनी एक छोटी बाटली दिली. नाकात सकाळ-संध्याकाळ फवारायचे, मोसमाच्या आधीपासून सुरू करायचे आणि मोसमभर सोडायचे नाही.

"बाई, याची सवय तर नाही ना लागणार?" तिरोडकरांनी भीत भीत विचारले.

"श्वास घ्यायची सवय तुम्हाला आधीपासून आहे," बाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांत नाक मोकळे झाले. जरा सर्दी निवळावी तसे नव्हे. शेजारच्या घरातल्या फोडणीत हिंग जास्त पडलाय हे भिंतीपलीकडून कळावे इतके. तिरोडकर खुर्चीवर बसून नुसता श्वास घेत राहिले. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, आणि या खेपेला ते गवताने नव्हते.

पण हा आनंद जाहीर करायची सोय नव्हती. फवारा म्हणजे दमा, दमा म्हणजे घराणे, आणि घराण्यात तर लग्नाची मुलगी! धनश्री एकोणीस वर्षांची झाली होती. "एकदा पंप लागला की सुटत नाही" हे वाक्य सिल्वासात तीन-तीन भाषांत म्हटले जाई. शिवाय तीन उपायदात्यांना रुपया सहा आणे आधीच वाटून झालेले. आता चौथ्याला सोळा आणे कुठून आणायचे? तेव्हा तिरोडकरांनी बाटली कचेरीतल्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या पंख्यामागे ठेवली. कचेरीत आल्यावर एकदा आणि निघताना एकदा ते त्या खोलीत जात; रविवारपुरती बाटली खिशात घेऊन घरी नेत.

हे पाहिले चिंधा शिपायाने. चिंधा नंदुरबारकडचा, नजरेने तीक्ष्ण. त्याने साहेबांच्या कानावर घातले, "तिरोडकर साहेब रोज त्या खोलीत जाई राहिले. मान अशी वर, बाटली अशी तोंडाशी, डोळे बंद. बाहेर आले का एकदम फ्रेश!"

इथे परिस्थिती समजून घेतली पाहिजे. शेजारचे राज्य कोरडे, दारूबंदीचे. त्यामुळे सिल्वासावर ओलाव्याची जबाबदारी जास्त. शनिवारी हद्दीपलीकडून गाड्या भरभरून माणसे येत आणि रविवारी ती गाडीत घालून परत न्यावी लागत. अशा गावात माणूस मान वर करून बाटलीतले काही घेतो म्हणजे काय घेतो, यावर चौकशी नेमावी लागत नाही. वास येत नाही, ही एक अडचण होती. पण वास येत नाही म्हणजे माल भारी असणार, असे सांगून भगवंतरावांनी ती दूर केली.

भगवंतरावांना तर आकाश ठेंगणे झाले. जलनेतीबरोबर त्यांनी, दार लावून घेऊन, गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडीही सांगितली होती. त्यांनी भर कचेरीत तिरोडकरांचा हात हातात घेतला. "तिरोडकर, लपवता कशाला? औषध आहे ते! किती गुण?"

तिरोडकर खरे सांगायला तोंड उघडणार होते. पण कचेरीतले सगळे त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहत होते की त्यांच्या तोंडून "बारा आणे" एवढेच बाहेर पडले.

बातमी घरी पोचली. उषावहिनी एक दुपारभर रडल्या. मग नवऱ्याला निवांत श्वास घेताना पाहून त्यांनी डोळे पुसले आणि हिशेब केला: दारुड्याच्या मुलीचे लग्न होते, दमेकऱ्याच्या मुलीचे अडते. त्या नातेवाइकांत आवाज उतरवून सांगू लागल्या, "थोडी घेतात हो. औषध म्हणून." ऐकणारे समजूतदारपणे मान हलवत. लबाडीने घरात शांतता आली, आणि ती दोन मोसम टिकली.

तिसऱ्या मोसमात, नवरात्र संपताना, धनश्री शिंकू लागली. दिवाळीपर्यंत तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. दोन जिने चढली की ती कठड्याला धरून उभी राही.

उपाय तर आलेच. पण या वेळी समाजाकडे पुरावा होता. जे बापाला लागू पडले ते लेकीलाही पडणार, एकच रक्त! उषावहिनींनी कधी हात न लावलेली ब्रँडीची बाटली वाल्मिककडून मागवली आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यातून चमचा सुरू केला. तुळशीसमोर उभे राहून, देवाचे नाव घेऊन त्या तो पाजत.

"आई, याने डोकं गरगरतं. छाती आहे तशीच आहे," धनश्री म्हणे. मग बापाकडे वळून, "बाबा, तुम्हाला कशी काय चालते हो ही?"

तिरोडकर वर्तमानपत्रात बघत. त्यांना ठाऊक होते की औषध कुठे मिळते. दवाखाना त्यांच्या घरापासून लांब नव्हता. उद्या नेऊ, असे ते रोज ठरवत. पण दवाखान्यात नेले की फवारा निघणार, फवारा निघाला की दोन वर्षांचे खोटे निघणार, आणि दमा हा शब्द मुलीच्या नावाला चिकटणार. मुलीचा श्वास आणि मुलीचे स्थळ यांच्यात हा माणूस चक्क अडकून बसला होता. असे अडकलेले सभ्य लोक आपल्याकडे घरोघरी सापडतात.

एका रविवारी भर दुपारी धनश्री खिडकीशी बसली ती उठेचना. खांदे वरखाली होत होते, ओठ निळसर, बोलायला गेली तर एक शब्द एका श्वासात मावेना. चपला न घालता तिरोडकर रस्त्यावर धावले आणि त्यांनी रिक्षा आणली.

डॉ. नाबर यांनी इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला. तासाभराने शिट्टी कमी झाली. तोवर वऱ्हांड्यात भगवंतराव, आक्काबाई आणि चिंधा जमले होते. आक्काबाईंच्या हातात पोटली होती. बाई बाहेर येऊन तिरोडकरांना म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बरे झालात ना? मग हिला इतके दिवस का नाही आणलं?"

"त्यांचं वेगळं हो, डॉक्टर," उषावहिनी मध्येच म्हणाल्या. "त्यांना ब्रँडीने गुण आला. हिलाही देतोय, पण हिला..."

बाई तिरोडकरांकडे बघत राहिल्या. उघड्या दारातून, ऑक्सिजनच्या मास्कच्या वरून, धनश्रीही बघत होती.

तिरोडकरांनी खिशातून फवारा काढून बाकावर ठेवला. "मी पीत नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "कधीच प्यायलो नाही. हा मारतो नाकात. मला लाज वाटत होती."

दारू पीत नाही याची कबुली एवढ्या शरमेने सिल्वासात त्यापूर्वी कोणी दिली नसावी. चिंधाने नजर जमिनीकडे वळवली. आक्काबाई म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, दोन वरीस तुम्ही कोरडेच?" भगवंतरावांचा चेहरा पडला. "मग ते माझे बारा आणे?" त्यांनी विचारले.

"मी पोरीला चमच्याने पाजत होते," उषावहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही बघत होतात."

 

बाईंनी धनश्रीला तोंडाने ओढायचे वेगळे औषध दिले, आणि दोन्ही औषधांची नावे वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर, सावकाश, दोनदा सांगितली. चार दिवसांनी मुलगी घरी आली. आता ती खिडकीत उभी राहून उघडपणे औषध घेते, आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांना उषावहिनी चहाच्या आधीच, आवाज न उतरवता सांगतात, "हिला पंप लागतो. पटत असेल तर बसा." दोघे उठून गेले. तिसरे बसले.

समाजानेही आपला निष्कर्ष काढला. थंड आंघोळ, तूप, काढा आणि ब्रँडी यांनी आधी शरीर तयार करून ठेवले होते, म्हणूनच डॉक्टरच्या औषधाला आयता गुण आला, असा तो निष्कर्ष आहे. श्रेय तिघांत सारखे वाटण्यात आले. तिरोडकरांनी हरकत घेतली नाही.

आता वाचकांपुरती एक बाब. बाईंनी दोनदा सांगितलेली ती नावे या कथेत कुठेच दिलेली नाहीत, आणि इथवर येऊनही आपण ती विचारलेली नाहीत. यात आपला दोष नाही. वऱ्हांड्यातही कोणी विचारली नव्हती. मात्र वेखंडाचे चाटण मधातून घ्यायचे की तुपातून, हा जो प्रश्न मघापासून आपल्या मनात आहे, त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. मधातून. सकाळी, अनशापोटी.