खोक्यातून निघालेला कागद

“सूनबाई, हा कागद पोरीच्या हाती देऊ नकोस. एक पान ओढलं की मागची सगळी वरात निघते,” असं सासऱ्यांनी बजावलं होतं. जुन्या प्रिंटरचा कागद तो. पानाला पान जोडलेलं, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. निवृत्त होताना सासऱ्यांनी कार्यालयातून अख्खं खोकं घरी आणलं होतं.

“बाबा, कागद आहे, उधळायला रेडा नाही,” म्हणत तिनं लेकीला चित्रं काढायला टोक दिलं आणि टेबलाशी बसून साहेबांच्या फोनवरच्या बैठकीत शिरली. घर इतकं शांत झालं की तिला स्वतःचाच हेवा वाटला. तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात शांतता ही बातमी असते, आणि बहुधा वाईट.

“सर, एक मिनिट हं.”

वळून बघते तो कागद खोक्यातून निघून, उंबरा ओलांडून थेट जिना उतरून गेलेला. दार सताड उघडं.

फोन टेबलावर टाकून ती अनवाणीच धावली. कागद फाटकातून वळून रस्त्याच्या कडेनं गेला होता.

“लहान मुलगी दिसली का हो?” तिनं पंक्चरवाल्याला विचारलं.

“मुलगी नाही, कागद दिसला. बराच वेळ जात होता.”

टोक सापडलं न्हाव्याच्या दुकानात. खुर्चीत सासरे, अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर फेस. टोक त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेलं.

“बाबा, पोर कुठंय?”

“घरी. तुझ्यापाशी.”

“मग हे काय?”

“दाढीला निघालो, तर तिनं मला आगगाडी केलं. जिन्यातच आलं लक्षात, पण मधेच तोडायचा कसा? आमच्या खात्यात काम संपल्याशिवाय कागद तोडत नसत.”

ती उलट्या पावली पळाली. न्हाणीघर पाहिलं, कपाट उघडलं, पडदे झटकले. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. लेक तिथंच बसलेली, मघाशी ती फोनवर असतानाही तिच्याच पायांशी होती. गळ्यात भोकांच्या पट्ट्यांची माळ, कानाला फोन.

“आई पळाली,” ती सांगत होती. “चप्पल नाही घातली.”

“परत आली की सांग तिला,” साहेब म्हणाले, “आम्ही सगळे थांबलोय.”

तिनं लेकीला असं कवटाळलं की माळ चुरगळली. उरलेली बैठक मग मायलेकींनी मिळून पार पाडली.

बाबा मात्र अजून आलेले नाहीत. अर्ध्या दाढीनंच, प्रत्येक पान मूळ घडीवर बसवत, रस्त्यातच उकिडवे बसलेत म्हणे. हिला लेकीवरची नजर काढवत नाही. तुम्ही त्या बाजूला निघाला असाल, तर जरा बघून येता का त्यांना? आणि जमलं तर उरलेला गालही करवून आणा.