सोडचिठ्ठीचा नमुना

चूक तुमची आहे, धर्मपीठावर बसलेल्यांनो. वल्हांडणाचा सण उद्यावर आला, आणि तुमचं आपलं "विचार चालू आहे." तुमच्या त्या विचारापायी एल्याकिम कोहेन तीन दिवस पाठशाळेच्या बाकावर झोपतोय आणि त्याची फ्रादल घरात एकटी भांडी घासतेय.

एल्याकिमचाही गाढवपणा आहे, नाही असं नाही. त्याला नाद एकच: सोडचिठ्ठीवरून ज्यू धर्मगुरूंत, रब्बी-रब्बींत, जुंपलेल्या भांडणांची दुर्मीळ पुस्तकं. नवरा वेडा होता की नुसता तापट, चिठ्ठी अंगणात पडली की उंबऱ्याबाहेर. जेरुसलेमच्या दोन खोल्यांत असली चारशे पुस्तकं, आणि उरलेल्या जागेत एकतीस वर्षांचा संसार.

हिवाळ्यात त्याला खरी सोडचिठ्ठी हाताळायची हौस आली. शेजारचा झुंदल लेखनिक.

"दे एक लिहून, नमुन्याला."

"नावं कुणाची घालू?"

"दुसऱ्याच्या संसाराला कशाला नाट लावतोस? आमचीच घाल."

झुंदलने बारा ओळी लिहिल्या. एल्याकिमने त्या सगळ्यात दुर्मीळ पुस्तकात खूण म्हणून घातल्या आणि विसरला.

वल्हांडणाला घरात पावाचा कण उरता कामा नये, आणि एल्याकिम वाचतो जेवताना. म्हणून फ्रादल दरवर्षी सगळी पुस्तकं अंगणात झाडते. यंदा झुंदल आणि मासेवाला बेरिश कट्ट्यावर बसून गंमत बघत होते.

"अहो, ते काखेत धरलेलं दुर्मीळही द्या," फ्रादल म्हणाली. "गेल्या वर्षी त्यातून अर्धा केक निघाला होता."

"जपून गं. जगात दुसरी प्रत नाही."

"माझी तरी कुठे आहे? द्या."

"घे बाई, तुझ्याच हातात देतो. झालं समाधान?"

तिने पुस्तक उलटं धरून झाडलं. चिठ्ठी पडली थेट तिच्या ओच्यात. झुंदलने आपलं अक्षर ओळखलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याने लिहायला सांगितलं, लेखनिकाने लिहिलं, दोन पुरुषांदेखत पुस्तकासकट बायकोच्या हातात दिलं. शास्त्राला सोडचिठ्ठीसाठी एवढंच लागतं.

"नमुना होता रे तो," एल्याकिम म्हणाला.

"तुझ्या पुस्तकातले सगळे नवरे हेच म्हणतात," बेरिश म्हणाला.

दुसरा कुणी असता तर पुन्हा लग्न लावून मोकळा झाला असता. पण एल्याकिम याजक कुळातला. सोडलेली बाई त्याला चालत नाही, स्वतःची असली तरी.

तुमच्यातला एक म्हणाला, सुटली. दुसरा म्हणाला, नाही सुटली. अध्यक्षांनी दाढी ओढली आणि म्हणाले, "संशय आहे. निकाल लागेतोवर वेगळे राहा." एल्याकिमने तिन्ही मतांची प्रत मागितली. संग्रहासाठी. ते ऐकून फ्रादललाही क्षणभर वाटलं, सुटलेलीच बरी.

पण जिने एकतीस वर्षं त्या पुस्तकांना कचरा म्हटलं, तीच घरी जाऊन वाचायला बसली. जेवताना ऐकून ऐकून अर्धी पाठच होती. आज सकाळी ते एकुलतं एक पुस्तक काखेत मारून ती तुमच्या दारात आली.

"पान चाळीस, रब्बी. नमुन्याची चिठ्ठी नकळत हातात आली, तर ती चिठ्ठीच नव्हे. बाई नवऱ्याचीच."

"लिहिलंय कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमच्या पणजोबांनी."

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी हात पुढे केला. "बघू, आण इकडे."

"हातात देण्याघेण्याची हौस फिटली आमची," फ्रादलने पुस्तक छातीशी धरलं. "आधी सांगा, पणजोबा चुकले की तुम्ही? उद्या ताटं दोन मांडू की एक?"