उसनी आत्या

बारसं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! अमरावतीत लग्नाकार्याची कामं घेते मी. नवरदेव मांडवातून पळाला तरी माझी पंगत वेळेवर बसते. तेव्हा आपल्याच लेकीच्या बारशाला काय अडणार, असं मी दीपमालाला छातीठोकपणे सांगितलं.

दीपमाला आणि मी, दोघी खुशीच्या आया. आम्हाला मिळून दत्तक घेता येत नाही, म्हणून कागदावर आई एकटी दीपमाला. लंगोट बदलायला कागद लागत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे.

मला एकच हवं होतं. बारशात चारचौघांत खुशीची आई म्हणून बसायचं, आणि दीपमालाच्या आईनं, मैनाबाईंनी, ते मान्य करायचं. अंजनगाव सुर्जीला त्यांचा फुलांचा धंदा. गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवतात, पण मला त्यांनी आजवर कुठल्याच नात्यानं हाक मारलेली नाही. मी समोर बसलेली असते आणि त्या लेकीला सांगतात, "तिले म्हना, चहात साखर कमी टाक."

पाळणा सजला, पेढे आले, आणि आदल्या दिवशी मैनाबाईंचा फोन. "दीपे, कानात नाव कोन सांगीन? आत्या कुठी हाय?"

बापाची बहीण ती आत्या. आमच्याकडे बापच नाही. दीपमालाच्या बहिणी मावश्या, माझी बहीण चंदाही मावशीच. मावश्यांचं पीक आणि आत्याचा दुष्काळ!

"भेऊ नको," मी दीपमालाला म्हणाले. "आत्या मी आनतो."

उसनी माणसं मी कैकदा आणली आहेत. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण माणिकबाई एका शब्दात तयार झाल्या. बारशाच्या दिवशी नथ घालून पाळण्याजवळ उभ्याच. सोबत भाऊ नत्थुजी आणि भावजय. नत्थुजी रिटायर्ड पोस्टमन, अतिशय भिडस्त. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही.

तेवढ्यात तिवसाहून दीपमालाचे काका वामनराव आले. दीपमालाला स्थळ बघायला त्यांनी तिवसा ते अकोला एक घर सोडलं नव्हतं. पोर दत्तक आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमी कोन?" त्यांनी माणिकबाईंना विचारलं.

"मी आत्या."

"आन हे?"

"हा माहा भाऊ."

वामनरावांनी मनात नातं जुळवलं. आत्याचा भाऊ म्हणजे बाप. बाप म्हणजे जावई! त्यांचे डोळे पाणावले. "वयानं जरा जास्त हायत, पन चालते," असं पुटपुटत त्यांनी नत्थुजींना टिळा लावला, डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात दुपट्टा टाकला. "जावईबापू, इतके दिवस लपून काहून राहिले?"

"नाही, म्हंजे... बसा ना," नत्थुजी म्हणाले.

मग पाहुण्यांची रीघ लागली. कुणी पाया पडलं, कुणी पेढा भरवला. नत्थुजींनी सगळं घेतलं. बातमी स्वयंपाकघरात पोचली आणि त्यांची बायको झारा घेऊनच बाहेर आली.

"काहून हो, या वयात?"

नत्थुजींनी टोपी काढून हातात घेतली, त्यामुळे ते आणखीच गुन्हेगार दिसायला लागले. "अवं, म्या फक्त पेढा खाल्ला."

"म्हंजे जावयाले पयली बायको हाय?" वामनराव मटकन खाली बसले. माणिकबाई भावाच्या संसारासाठी रडायला लागल्या. त्यांचं पाहून खुशीनंही सूर लावला.

मी खुर्चीवर चढले. "ऐका! पोरीले बाप नाही. दत्तक हाय. दीपमाला तिची माय, आन मी बी तिची माय. आमी दोघी मैत्रिनी म्हनून सोबत राहत नाही. नत्थुजीले सोडा."

दीपमाला येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. सगळे पाळण्यापाशी बसलेल्या मैनाबाईंकडे बघायला लागले. त्यांनी लेकीला आणि नातीला उचलून अंजनगावला नेलं असतं, तर माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. मला खरंच भीती वाटली.

मैनाबाई उठल्या. "उतर खाली," म्हणाल्या. मी उतरले. त्यांनी नत्थुजींच्या गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या गळ्यात टाकला. टोपीही घातली, ती माझ्या भुवयांपर्यंत आली.

"येळ टळून राहिली. दीपी माय हाय, तं आजच्यापुरती तू जावई. तुही बहीन कुठी हाय? बलाव तिले."

"पन मी बी मायच..."

"मंग आत्या कुठून आनू? बजारातून?"

अकोल्याहून मावशी म्हणून आलेली चंदा अशी आत्या झाली. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाठीवर बुक्के खाल्ले. सर्वांत जोरात मारला तो माणिकबाईंनी. त्यांचं पद गेलं होतं ना!

पंगतीत जावयाला पहिलं वाढलं. मैनाबाईंनी स्वतः माझ्या वरणावर तूप धरलं, मी बस बस म्हणत होते तरी धार थांबेना. मी ताट शेवटच्या शितापर्यंत पुसून खाल्लं.

"झालं जेवन?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. "जावयाचं झालं. आता सूनबाई, उठ. भांडे पडले हायत."