खडूच्या रेषेतलं सामान

शनिवारी सकाळी बायको बैठकीच्या खोलीत आली, तेव्हा गोदामप्रमुख गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूने चौकोन आखत होते. एक चौकोन त्यांचा, एक बायकोचा, एक लेकीचा. लांबी दीड फूट, रुंदी एक फूट. उंची खडूने दाखवता येईना, म्हणून शेजारी बिस्किटांचा एक बुटका डबा ठेवला होता. जेवढं सामान आपापल्या चौकोनात आणि डब्याच्या उंचीत मावेल तेवढंच जहाजावर येईल, बाकीचं घरी राहील, असा हुकूम निघाला.

"अहो, चार दिवस जायचंय," बायको म्हणाली. "चार दिवस मी काय ह्या चौकोनात काढू?"

"तू नाही, तुझं सामान," गोदामप्रमुख म्हणाले आणि खडू झटकून उभे राहिले.

हा तोरा उगाच आलेला नव्हता. तीस वर्षं त्यांनी एका यंत्रांच्या कारखान्याचं गोदाम सांभाळलं होतं, आणि तीन शेडमधला माल एक स्क्रूही न फेकता एका शेडमध्ये बसवून दाखवला होता. कारखान्यात त्यांना सगळे 'आटोपशीर साहेब' म्हणत. आधी चिडवायला म्हणत, पुढे आदराने म्हणू लागले. बदल नेमका कधी झाला ते साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांना पहिल्यापासून तो आदरच वाटत होता. आता कंपनीने आठ गुणी माणसं निवडली होती. त्यांना कुटुंबासह समुद्रावर फिरवून आणायचं आणि पहिल्याच संध्याकाळी आठ वाजता, जहाजाच्या मोठ्या दालनात, खुद्द संचालकांच्या हस्ते मानचिन्ह द्यायचं. पत्रात त्यांच्या नावापुढे 'कमी जागेत जास्त बसवून दाखवणारे' असं छापलेलं होतं. ते पत्र त्यांनी घरात इतक्या वेळा मोठ्याने वाचलं, की लेकीला ते स्वल्पविरामांसकट पाठ झालं होतं.

अशा माणसाने चार बोजड बॅगा घेऊन जहाजावर चढायचं? संचालकांना तोंड कसं दाखवायचं? जहाज कंपनीची गाडी आदल्या दिवशी घरोघरी फिरून मोठं सामान गोळा करणार होती. "आमच्याकडे मोठं सामान नाही," असं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं. पलीकडच्या माणसाला एकदाच कळलं होतं, पण सांगण्यातली मजा दुसऱ्यांदाही तेवढीच होती.

घरात मात्र आनंदीआनंद होता. समुद्र तिघांनी किनाऱ्यावरून पाहिलेला, जहाज फक्त चित्रात. लेकीने अकरा मजले, दोन तरणतलाव आणि चाकांच्या बुटांवर घसरायचं एक मैदान शोधून काढलं होतं. पण चाकांचे बूट चौकोनात ठेवले की कपडे रेषेबाहेर जात. बायकोचे दोन लांब झगे आणि छोटी इस्त्री ह्यांनी तिचा चौकोन भरून वाहू लागला. गोदामप्रमुखांनी बिस्किटांचा डबा शेजारी टेकवून मापं घेतली आणि बूट, एक झगा आणि इस्त्री बाहेर काढून कपाटावर ठेवली. स्वतःचा चौकोन त्यांनी पाच मिनिटांत लावला. दोन अर्ध्या बाह्यांचे सदरे, दोन पँटी, एक कंगवा, रबरी चपला.

"आणि कोट?" बायकोने विचारलं. "व्यासपीठावर चढायचंय ना?"

"माणसाचा मान कामात असतो, कोटात नसतो," ते म्हणाले. वाक्य इतकं छान जमलं की त्यांनाच भरून आलं.

पण अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात तो क्षण कसा दिसेल ह्याचा दुपारी त्यांनी आरशासमोर अंदाज घेतला, आणि तो काही बरा वाटेना. तीस वर्षांत एकदा व्यासपीठ आलं होतं, पुन्हा येईल ह्याची खात्री नव्हती. उन्हं कलताच ते "जरा पाय मोकळे करतो" म्हणून निघाले. काखेत एक गठ्ठा होता. त्यात काळा कोट, नऊ नंबरचे पॉलिश केलेले बूट आणि स्वतःची उशी होती. परक्या उशीवर त्यांना झोप येत नसे, पण हे जगात फक्त बायकोला ठाऊक होतं.

दोन गल्ल्या पलीकडे त्यांची थोरली बहीण एकटी राहत असे. कंपनीने चौघांची परवानगी दिली होती, म्हणून ताईही जहाजावर येणार होत्या. ताईंनी उभा जन्म टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून देण्यात घालवला होता. गावातल्या किती भानगडी त्यांच्या कानांवरून गेल्या असतील, पण एक शब्द बाहेर पडला नव्हता. त्यांना पितळी कोपऱ्यांची तपकिरी ट्रंक नेण्याची मुभा होती, कारण थोरल्या बहिणीच्या घरात जाऊन खडू फिरवायची गोदामप्रमुखांची छाती नव्हती.

"ताई, एवढं तुझ्या ट्रंकेत राहू दे. आमच्या घरी बोलू नकोस."

"बरं," ताई म्हणाल्या.

गोदामप्रमुख सुटल्यासारखे घरी आले. तासाभरापूर्वी बायको त्याच दारात एक झगा आणि इस्त्री घेऊन उभी होती, हे त्यांना माहीत नव्हतं. रविवारी सकाळी लेक चाकांचे बूट घेऊन गेली. दोघींनाही 'बरं' मिळालं. कपाटावरचं सामान कुठे गेलं असा प्रश्न गोदामप्रमुखांनी विचारला नाही, कारण कपाटातल्या कोटाबद्दल कुणी विचारू नये अशी त्यांची इच्छा होती.

रविवारी ताई जेवायला आल्या. जेवताना गोदामप्रमुखांनी हलक्या प्रवासावर शेवटचं भाषण केलं. भाषण चांगलंच रंगलं, पण ताईंच्या तोंडून चुकून काही निसटेल ह्या धास्तीने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून दर दोन वाक्यांनंतर ते ताईंकडे रोखून बघत आणि मानेने हळूच 'नको, नको' अशी खूण करत. "ज्याला मागे ठेवता येतं," ते म्हणाले आणि ताईंकडे पाहिलं, "तोच पुढे जातो." धास्तीने त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ताईंचा घास हातातच थांबला. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

मंगळवारी बंदरावर जहाज दिसलं आणि तिघांच्याही माना वर गेल्या. पांढरंशुभ्र, अख्खी गल्ली उभी केल्याएवढं उंच. लेकीने उड्या मारायला सुरुवात केली आणि बायकोने तिला दटावता दटावता स्वतःच एक छोटी उडी मारून घेतली. ताई आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांच्या खांद्याला फक्त एक पर्स होती. तिघांनीही ती पर्स पाहिली आणि तिघांनाही मनातल्या मनात हायसं वाटलं, की ट्रंक कालच्या गाडीने व्यवस्थित पुढे गेली.

जिन्यापाशी संचालक उभे होते. बाकीची सात कुटुंबं सामानाच्या डोंगरांआड अर्धी लपली होती. गोदामप्रमुखांची तीन चिमुकली गाठोडी बघून संचालकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "ह्याला म्हणतात आटोपशीर," ते म्हणाले. गोदामप्रमुख लाजले, पण पोटभर लाजले. आता संध्याकाळी तो काळा कोट अंगात घातला की स्वर्ग दोन बोटं उरला होता.

भोंगा झाला, किनारा सरकू लागला. खोलीतली गोल खिडकी, भिंतीतून उघडणारा पलंग, नळाला येणारं गरम पाणी, सगळं बघून झालं. मग बाहेरच्या बोळात खलाशी एकेका खोलीसमोर लोकांच्या बॅगा आणून ठेवू लागले. ताईंची खोली बोळाच्या टोकाला होती. चारच्या सुमारास गोदामप्रमुख सहज म्हणून तिकडे गेले, तर दारात बायको उभी.

"ताईंना काही हवं-नको बघायला आले," बायको म्हणाली. "तुम्ही?"

"तेच. वय झालंय तिचं."

तेवढ्यात लेक आली. तिलाही आत्याची काळजी वाटत होती. तिघांनी एकमेकांच्या मायेचं कौतुक केलं. ताई खोलीत नव्हत्या, दारात ट्रंकही नव्हती. पाच वाजता तिघं पुन्हा तिथेच भेटले. साडेपाचला भेटले तेव्हा कौतुक करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सहा वाजता बोळातली शेवटची बॅग आत गेली आणि गोदामप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं. 'ताईची ट्रंक नाही मिळाली तरी काय बिघडतं' असं म्हणून मोकळं होणं, ही सगळ्यात सोपी गोष्ट होती. तीच त्यांना करता येत नव्हती.

साडेसहाला "ताईला शोधून आणतो" असं सांगून ते खालच्या मजल्यावर सामानाच्या खिडकीपाशी गेले. आतला कारकून शांत, चष्मेवाला होता. गोदामप्रमुखांनी पितळी कोपऱ्यांच्या तपकिरी ट्रंकेचं वर्णन केलं. कारकुनाने मान वर न करता एक कागद पुढे ओढला.

"तुम्ही तिसरे. आत काय होतं?"

"वयस्कर बाईची ट्रंक आहे हो. तिला लागणारं असेल काहीबाही."

"काहीबाही लिहिता येत नाही, साहेब. वस्तू सांगा."

गोदामप्रमुखांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. खिडकीत वाकून ते हळूच म्हणाले, "काळा कोट. पुरुषी. बूट नऊ नंबरचे. आणि एक उशी."

कारकुनाने लिहून घेतलं. मग यादी बरोबर उतरली की नाही हे बघायला, नोकरीच्या नियमाप्रमाणे, ती खणखणीत आवाजात वाचली. "वयस्कर बाईंची ट्रंक. आत लांब झगा एक, इस्त्री एक, चाकांचे बूट एक जोड, पुरुषी काळा कोट एक, पुरुषी बूट नऊ नंबर, उशी एक." त्याने चष्मा वर सरकवला. "तुमच्या ताई भारी हौशी दिसतात."

मागून कुणीतरी खोकलं. गोदामप्रमुख वळले. पुन्हा चौकशी करायला आलेली बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती आणि तिच्यामागे लेक.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," बायको म्हणाली.

"इस्त्री?" गोदामप्रमुख म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"बाबा, उशीसुद्धा?" लेकीने विचारलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते बायकोलाही आवरेना. गोदामप्रमुखांना मात्र हसू येत नव्हतं. घड्याळात पावणेसात झाले होते.

ताई सापडल्या अकराव्या मजल्यावर. चपला काढून, कठड्याला टेकून समुद्र बघत होत्या. दिवसभर त्या तिथेच होत्या आणि चेहरा असा उजळला होता की दहा वर्षं मागे गेल्यासारख्या दिसत होत्या.

"ताई, ट्रंक आली नाही अजून," गोदामप्रमुखांनी धापा टाकत सांगितलं.

"कशी येईल? ती माझ्या घरी आहे."

"गाडी आली नाही?"

"आली होती की. मी परत पाठवली." ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "परवा जेवताना तू किती जीव तोडून बोलत होतास. सारखा माझ्याकडे बघत होतास, मान हलवून 'नको, नको' म्हणत होतास, डोळ्यांत पाणी. मला कळलं रे. आदल्या दिवशी मोह झाला, आता पस्तावलाय, पण सगळ्यांसमोर बोलता येत नाहीये. मी म्हटलं, ह्याची अब्रू आपण राखायची. ट्रंकेला कुलूप घातलं आणि पर्स घेऊन आले."

आयुष्यभर ज्यांना भाषणं ऐकवली त्यातल्या एकालाही ती पटली नव्हती. पटली ती नेमकी इथे.

आठ वाजता दालनात सगळे जमले. सातही सन्मानित मंडळी काळ्या कोटांत, चकाचक बुटांत बसली होती. आठवे अर्ध्या बाह्यांच्या चौकड्यांच्या सदऱ्यात, रबरी चपला खुर्चीखाली दडवून बसले होते. जहाज जरा कलत होतं आणि दर वेळी एक चप्पल फटकन वाजत होती. मग नावं पुकारली गेली. मानचिन्ह म्हणजे पितळेची ढाल असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. निघाला तो मानाचा कोट. गडद निळा, खिशावर कंपनीचं चिन्ह, संचालकांनी स्वतःच्या हातांनी घालायचा. पहिल्या सन्मानिताला कोटावर कोट चढवताना बाही खांद्यापाशीच अडकली. दुसऱ्याचा हात आत जाऊन बाहेर येईना. सातवा व्यासपीठावरून उतरला तो दोन्ही हात पसरूनच, मिठी मारायला निघाल्यासारखा. आणि आठव्याच्या अंगात कोट असा अलगद गेला की दालनात टाळ्या सुरू झाल्या.

"याला म्हणतात दूरदृष्टी," संचालक म्हणाले आणि ध्वनिक्षेपक पुढे केला. "दोन शब्द बोला."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गोदामप्रमुखांना कळत होतं. नुसतं 'धन्यवाद' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोरच्या टेबलावर ताई बसल्या होत्या. गुरूकडे बघावं तशा त्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ते त्यांना सहन होईना.

"मी लबाडी केली," ते म्हणाले. "माझाही काळा कोट होता. बहिणीच्या ट्रंकेत लपवला होता. बूट होते. उशी होती. ट्रंक तिने घरी ठेवली. म्हणून मी असा आलो."

सगळं दालन हसत सुटलं. संचालकांनी तर टेबलाचा आधार घेतला. इतका मोठा माणूस आणि इतका विनोदी, असं लोक एकमेकांना सांगू लागले. गोदामप्रमुख "नाही हो, खरंच" असं दोनदा म्हणाले, त्यावर आणखी हशा झाला.

"तीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंत," ते जागेवर येताच बायको म्हणाली, "आणि कुणी ऐकलंच नाही."

जेवण झाल्यावर चौघं वर मोकळ्या हवेत आले. वाद्यं वाजत होती, लेक कुणाकडून तरी मागून आणलेल्या चाकांच्या बुटांवर पडत-उठत होती, बायको दिवसभराच्या झग्याच्या सुरकुत्या विसरून तालावर पाय आपटत होती. गोदामप्रमुख ताईंशेजारी उभे राहिले.

"ताई, आमचं राहिलं ते राहिलं. पण तुझं काय काय राहिलं त्या ट्रंकेत?"

ताईंनी थोडा विचार केला. "माझं? माझं काही नव्हतं त्यात. तुम्हा तिघांचंच मावेना, म्हणून माझं मी रविवारी सकाळीच काढून ठेवलं होतं. शाल तेवढी घ्यायला हवी होती, वारा आहे जरा."

सगळी ट्रंक गोदामप्रमुखांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यात आपल्या उशीने किती जागा अडवली असेल ह्याचा हिशेब त्यांना आपोआप करता आला. त्यांनी अंगातला निळा कोट काढला आणि ताईंच्या खांद्यांवर घातला.

ताईंनी तो उतरवून, नीट घडी करून त्यांच्या हातात परत दिला.

"नको रे," त्या म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना, उगाच ओझं कशाला."