आवर्तनवाले सर

आमच्या शेजारचे गुंजाळ सर फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत, 'धा' म्हणतात. पलीकडचा गडबडून 'आँ?' म्हणाला की सर खूश. "बघा, समेवर सापडला!"

सरांनी नेवाशात आयुष्यभर पोरांना संगीत शिकवलं. निवृत्त झाले, मग काकू गेल्या. मुलगी सासरी, लांब. घर इतकं गप्प झालं की सरांनी कॉम्प्युटर आणला आणि ताल शिकवणारी वेबसाइट बनवायला बसले. पडद्यावर एक गोल, त्यावर सोळा ठिपके आणि फिरणारा काटा. काटा ठिपक्यावर आला की बोट टेकवायचं. चुकलं की सरांचाच आवाज दटावतो, "लई घाई झाली व्हय?"

तालाचा एक पूर्ण फेरा म्हणजे आवर्तन, म्हणून वेबसाइटचं नाव ठेवलं 'आवर्तन'. तळाला स्वतःचा नंबर: शंका असल्यास फोन करावा.

फोन आले, भरपूर आले. आमच्याकडे कालव्याला पाळीचं पाणी सुटतं त्यालाही आवर्तनच म्हणतात, हे सर साफ विसरले होते. शेतकरी मोबाइलवर 'आवर्तन' शोधायचे आणि सरांचा नंबर लावायचे.

"सायेब, आवर्तन कधी सुटनार?"

"सुटलंय की! आधी टाळी द्या."

"कुनाला?"

माझं खताचं दुकान. गिऱ्हाइकं मला विचारायची, "त्ये धा म्हननारं सायेब कोन हाय वो?" शेवटी मी सरांना म्हणालो, "नाव बदला. लोक वेड्यात काढतायत."

"आन मंग फोन कोन करील?" सर म्हणाले.

उलट ते रोज पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जाऊन पाणी कुठवर आलं ते विचारून यायला लागले. फोन आला की पाण्याचं सांगायचे, मग कांद्याचं, पोराबाळांचं विचारत बसायचे. तालाचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

कालवा बंद झाला तसे फोनही थांबले.

एका दुपारी माझा फोन वाजला. सर होते.

"काय न्हाई. फोन चालू हाय का बघत हुतो."

आवाज फोनमधून येत होता आणि भिंतीपलीकडूनही.

"सर, ते ठिपक्यांचं मला शिकवाल का?"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली, भांडं वाजलं.

"चा ठिवतो, मंग या," सर म्हणाले. आणि लगेच, घाबऱ्या घाबऱ्या, "न्हाई न्हाई, आत्ताच या. चा दोघं मिळून ठिवू."