सूर्य, चंद्र, ताट आणि पिशवी

"हे टॉनिक मी रोज घ्याचं का बाजाराच्या दिवशी?" खुशालरावांनी टोपी सावरत बाटली काउंटरवर ठेवली आणि प्रणालीने ती उचलून पाहिली.

बाटलीवरच्या लेबलावर सूर्य होता, चंद्र होता, जेवणाचं ताट होतं आणि वर पिशवीही होती. खरं म्हणजे तिथे एकटा चंद्र असायला हवा होता. खुशालरावांना तिने झोपताना दोन चमचे घ्यायला सांगितलं होतं.

चांदूर बाजारच्या या मेडिकलमध्ये लायसन प्रणालीचं आणि डोकं आपलं, असं तिचा नवरा नितेश सांगत असे. चित्रांची कल्पना मात्र अगदी शंभर टक्के प्रणालीची होती. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री, ताट म्हणजे जेवणानंतर आणि पिशवी म्हणजे आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. त्या पिशवीवर तर तिचा फार जीव होता. कॉलेजच्या मैत्रिणींना तिने त्या चित्राचे फोटोसुद्धा पाठवले होते.

"अवो, काल प्रिंटरले काय केलं तुमी?"

"काई नाई. सुधरवला," नितेश म्हणाला.

हे 'सुधरवणं' प्रणालीला चांगलं ठाऊक होतं. घरचा मिक्सर सुधरवल्यापासून ती चटणी पाट्यावर वाटत होती.

लेबल छापणारे हे थर्मल प्रिंटर शाई मागत नाहीत, पण भाषा मागतात. आज्ञांची त्यांची स्वतःची भाषा असते आणि तीही सगळ्यांची एक नाही. कुणाला झेडपीएल कळते, कुणाला टीएसपीएल, आणि चुकीच्या भाषेत बोललं तर ते ती आज्ञाच तुमच्या तोंडावर छापून मारतात. नितेशने व्हिडिओ बघून बघून टीएसपीएल शिकून घेतली होती. बायकोपेक्षा प्रिंटर आपलं जास्त ऐकतो, असं तो चारचौघांत म्हणायचा.

"त्याच्यात एक ओळ होती, सीएलएस म्हनून," तो ऐटीत सांगू लागला. "ना आकडा, ना चित्र. नुसती रिकामटेकडी बसून होती. काढून टाकली."

"छापून पाह्यलं होतं?"

"पाह्यलं ना! एक लेबल काढलं, एकदम झकास."

प्रणालीने एकही चित्र न निवडता कोरं लेबल छापायला सांगितलं. प्रिंटरने इमानदारीने सूर्य, चंद्र, ताट, पिशवी, चारही चित्रं छापून दिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. ती रिकामटेकडी ओळ मागच्या लेबलाची पाटी पुसणारी होती. प्रिंटर नुकताच चालू केलेला, तेव्हा पाटी कोरी, म्हणून पहिलं लेबल झकास. पुढे कुणी पुसायलाच नाही. पहिल्या गिऱ्हाइकाचा सूर्य दुसऱ्याला, त्या दोघांचं सगळं तिसऱ्याला, असं सकाळपासून चाललं होतं.

बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी. तिने भराभर फोन लावले. कुणाचं पडसं, कुणाची अ‍ॅसिडिटी, फोनवर भागलं. राहिल्या मैनाबाई.

मैनाबाई भाजी विकायच्या. बाजारात दुकान मांडायच्या आधीच त्या सांधेदुखीच्या गोळ्या घेऊन गेल्या होत्या. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस दवाखान्यात जातो आणि कधी कधी परत येत नाही. डॉक्टरांनी ती नव्यानेच सुरू केली होती. घाईत प्रणालीने पाकिटाकडे न बघता नुसतं सांगितलं होतं, "मावशी, चित्र पाहून घ्या." त्या चित्रात आता सकाळ, रात्र आणि जेवणही आलं होतं.

मैनाबाईंचा फोन बंद होता आणि बाजार आटपून त्या रिद्धपूरला घरी गेल्या होत्या.

"गाडी काढा. सकायची एक तिनं घेतली असन. आता जेवून दुसरी घेईन. त्याच्या आत पोचलं पाह्यजे."

"अन् दुकान?"

"खुशालकाका, तुमी बसा. कोनाले काई देऊ नका."

"मी काय देतो?" खुशालराव म्हणाले. "माह्यंच मले भेटून नाई राह्यलं."

रिद्धपूरच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा सूर्य कलला होता. प्रणालीला तो बघवत नव्हता. समोर संत्र्याच्या क्रेट भरलेली ट्रॉली निवांत चालली होती. नितेशने हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला. ट्रॅक्टरवाला मोबाइलवर गाणी ऐकत होता.

"लायसन जाईन ते जाईन," प्रणाली मागून बोलत होती. "पन त्या बाईचं काई झालं तं मी कोनाले तोंड दाखवू? काय नडलं होतं तुमाले ते ओळ काढाले?"

"माह्यं चुकलं."

"मी इतका विचार करून चित्र काढले, अन् तुमी त्याचा खिचडा केला."

"चुकलं म्हनून राह्यलो ना वं!"

ट्रॉली एकदाची फाट्यावर वळली. गावात शिरताना नितेशने वर पाहिलं. पूर्वेला चंद्र दिसत होता. त्याने वेग वाढवला.

मैनाबाई अंगणात बसल्या होत्या. समोर रिकामं ताट होतं, हातात पाण्याचा गिलास होता आणि मांडीवर गोळ्यांचं पाकीट.

"मावशी, थांबा!" प्रणाली गाडी उभी राहायच्या आत उतरली. "घेतली का गोळी?"

"ये वं बाई. चाय मांडतो."

"चहा नको. घेतली का?"

"बस तं खरं. घामाघूम झाली पोरगी."

प्रणालीने सरळ पाकीट ओढून घेतलं आणि पट्टी उलटसुलट करून पाहिली. सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. ती मटकन ओट्यावर बसली आणि तिला रडूच आलं.

"नाई घेतली," मैनाबाई म्हणाल्या. "घेऊ कशी? सूर्य काय, चंद्र काय, ताट काय! मले काईच समजलं नाई. म्हटलं, पुढच्या बाजारी तुलेच इचारीन, तवा घेईन."

नितेशच्या जिवात जीव आला. प्रणालीने डोळे पुसले आणि मास्तरणीच्या आवाजात समजावलं, "मशीन बिघडली होती मावशी. फक्त पिशवी पाह्यची. पिशवी म्हनजे बाजाराच्या दिवशी एक."

"असं व्हय!" मैनाबाईंचा चेहरा उजळला. "मंग पिशवीच छापाची ना नुसती! लगेच समजलं असतं. एक चांदूरच्या बाजाराले, एक रिद्धपूरच्या, एक मोर्शीच्या, अन् एक ब्राह्मणवाड्याच्या. आठोड्याच्या चार."

नितेश एकदम आभाळातला चंद्र निरखू लागला. त्याने वर्षभरात इतकं शहाणपणाचं काही केलं नव्हतं.

"मावशी," प्रणाली हळूच म्हणाली, "तुमी आठोड्यातून एकदाच करता, असं काय हाय?"

मैनाबाईंनी विचार केला. "शुक्रवारी डोकं धुतो."

"बस! डोकं धुतल्यावर एक गोळी. दुसऱ्या दिवशी नाई." तिने तीनदा म्हणवून घेतलं.

परतताना प्रणालीचा आवाज पूर्ववत झाला होता. "घरी गेल्यावर ते ओळ पयले टाका. अन् पिशवी काढून टाका. तिच्या जागी तांब्या अन् केस काढा. डोकं तं सारेच आठोड्यातून एकदा धुतात. याच्यात कोनीच चुकू शकत नाई."

नितेशने मान हलवली. आज तो कशालाच नाही म्हणणार नव्हता.

दुकानात खुशालराव स्टुलावर तसेच बसून होते. "कोनाले काई देल्लं नाई," त्यांनी सांगितलं, आणि उकडतं म्हणून टोपी काढून काउंटरवर ठेवली. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांचं टक्कल लख्ख चमकलं.

नितेशने टकलाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"तांब्या राहू द्या," प्रणाली म्हणाली. "ज्याचं त्याले चित्र हातानंच काढून देतो. पेन कुठी हाय?"