दुकानावरची ओडेसा

गुरुवारी सकाळी शाळेत जाताना ओडेसा प्रूइटला हॅकबार्थच्या गाद्यांच्या दुकानावर स्वतः ओडेसा प्रूइटच उभी दिसली. दोन मजले उंच, हवा भरलेली, एका हातावर गादी तोललेली, अंगात शाळेचा हिरवा गणवेश आणि छातीवर शाळेचं बोधचिन्ह, अस्वल. वारा आला की ती रस्त्याकडे कमरेत वाकून मुजरा करी.

खरी ओडेसा सतरा वर्षांची, गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली. शनिवारी राज्यस्पर्धा होती. महिन्यापूर्वी तिनं साधा शर्ट घालून हॅकबार्थची एक जाहिरात केली होती. फुग्याबद्दल तिला कुणी अवाक्षरही सांगितलं नव्हतं. तरी आधी ती हरखलीच. तेवढ्यात प्रशिक्षकांचा फोन आला.

"ओडेसा, तो फुगा कुणाचा?"

"माझा, सर. म्हणजे... मीच."

"जाहिरात खुशाल कर, कायद्यानं मुभा आहे. पण शाळेचा गणवेश घालून नाही! क्रीडा संघटनेच्या माणसानं हे ध्यान पाहिलं, तर शनिवारी तू प्रेक्षकांत बसशील."

ओडेसा धावत दुकानात गेली. मालक हॅकबार्थ खुशीत होता.

"उतरवू? अगं, कालपासून गिऱ्हाइकांची रीघ थांबत नाहीये! आणि तू सही केलीयस, पोरी. दहा वर्षांची. तुझा चेहरा, तुझे दंड, सगळं माझं."

ओडेसा तडक बाहेर पडली. तिनं आईचं सलून गाठलं. आई, लोरीन, एका बाईंच्या केसांना रंग लावून त्यांवर चंदेरी कागद गुंडाळत होती.

"दहा वर्षं? मला न विचारता?"

"ते म्हणाले, नुसती औपचारिकता आहे. आणि पेन पुढे केलं."

"उद्या कुणी ट्रक पुढे केला, तर त्याच्याखाली जाशील?"

"लोरीन, म्हणजे तुझी सही नाही?" खुर्चीतल्या बाईंनी विचारलं. त्या होत्या वकीलबाई वर्ना ट्रॉटर. "मग टॉवेल दे आणि चल."

"अगं, रंग धुवायला अजून वीस मिनिटं आहेत!"

"तेवढी पुरतील."

डोकंभर चांदी लखलखवत वकीलबाई मायलेकींना घेऊन हॅकबार्थच्या दुकानात शिरल्या. हॅकबार्थ हसू दाबत म्हणाला, "वा! अँटेना बसवलात?"

"हो, आणि तुमचा खोटेपणा अगदी स्पष्ट ऐकू येतोय. या राज्यात अठराच्या आतल्या खेळाडूचा करार पालकांच्या सहीशिवाय टिकत नाही. हिला तो आत्ता, इथं मोडता येतो. शाळा संपल्यावर हिला बांधून ठेवायचाही तुम्हाला अधिकार नाही. आणि ते अस्वल तर हिचंही नाही अन् तुमचंही नाही." त्या वळल्या. "बोल, मोडतेस?"

मोठ्या माणसांसमोर ओडेसाचा आवाज नेहमी आत जायचा. आज तो दुकानभर घुमला. "मोडते!"

"मग घ्या तुमची पोरगी!" म्हणत हॅकबार्थनं रागारागात फुग्यात हवा भरणाऱ्या पंख्याची तार उपटली.

फुगा मागे छपरावर पडायचा, तो पुढे दारावर कोसळला. दुकानात हिरवा अंधार झाला. बाहेर जाण्याची ती एकच वाट होती. हॅकबार्थनं ढकलून पाहिलं आणि तो त्या ढिगात कोपरापर्यंत रुतला.

"लोरीन, किती मिनिटं झाली?" अंधारातून वकीलबाई ओरडल्या.

"सतरा! वर्ना, तुझे केस जळतील गं!"

"सरका," ओडेसा म्हणाली.

तिनं पाय रोवले, गुडघे वाकवले, खांदा खाली घातला आणि श्वास धरून उसळी मारली. तो रात्रीच्या पावसानं ओला, जड, चारपाच माणसांना न हलणारा गठ्ठा उचलला गेला, तिच्या खांद्यावरून वळला आणि थेट गाड्या लावायच्या जागेत जाऊन आदळला. बाहेर जमलेल्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. निम्मे लोक मोबाइलवर चित्रण करत होते. ओडेसाच्या अंगात शाळेचा गणवेश नव्हता, सलूनमधून निघताना आईनं घालायला लावलेला साधा करडा शर्ट होता. वकीलबाई मात्र कुणाकडे न बघता सलूनकडे पळत होत्या.

शनिवारी ओडेसा राज्यात पहिली आली. संघटनेच्या माणसानंच तिच्या गळ्यात पदक घातलं. प्रेक्षकांत सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या वकीलबाईंचे केस गाजराच्या रंगाचे झाले होते. आपल्याला हाच रंग हवा होता, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

सोमवारी हॅकबार्थ घरी आला. ते चित्रण गावभर फिरलं होतं आणि लोक दुकानात येऊन 'ती मुलगी कुठंय?' असं विचारत होते.

"नवा करार आणलाय," तो टोपी काढून म्हणाला. "साधा शर्ट. शाळा संपेपर्यंतच. आईसाहेबांच्या सहीला जागासुद्धा ठेवलीय."

ओडेसानं आईला शेजारी बसवून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"इथं लिहिलंय, 'पृथ्वीवर तसेच उर्वरित विश्वात.' हे काय?"

"ते असंच लिहितात गं. उद्या मंगळावर दुकान काढलंच तर?"

ओडेसानं पेनाचं टोपण परत लावलं.

"मंगळाचे पैसे वेगळे पडतील, हॅकबार्थसाहेब."